नेमाची वारी

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, सनदा, शकावल्या, दप्तरांतील रुमाल आणि फार तर एखाद्या प्रवाशाची रोजनिशी, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. आमच्यापुढे या घटकेस जे साधन आहे ते यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. ती एक रेघांची वही आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, दोनशे पानांची, दिल्लीत आर. के. पुरमच्या कोणत्याही सेक्टरच्या बाजारात मिळते तशी. तिचे धनी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कक्ष अधिकारी होते आणि आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. मूळचे साताऱ्याकडचे. आम्ही त्यांस काका म्हणतो. २०१६ साली त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले, आणि तेव्हापासून मंगळवार, गुरुवार व शनिवार असे आठवड्याचे तीन वार ते डायलिसिससाठी जाऊ लागले. जन्म फायलींवर टिपणे लिहिण्यात गेलेला मनुष्य. त्याने या नव्या व्यवहाराचीही नोंदवही घातली यात नवल नाही. तारीख, जाण्यापूर्वीचे वजन, परतल्यावरचे वजन, रक्तदाब, यंत्राचा क्रमांक आणि शेवटी शेरा, असे सहा रकाने त्यांनी पट्टीने आखले. जवळजवळ चार वर्षे शेऱ्याचा रकाना कोरा आहे. २६ मार्च २०२० या तारखेपासून तो भरू लागतो, आणि पुढे काही पानांवर तर शेजारच्या रकान्यांत शिरतो.

महासाथीचा इतिहास आज जो लिहिला जातो तो तीन सदरांत लिहिला जातो: बाधित किती, बरे झाले किती, मरण पावले किती. काका या तिन्ही सदरांत कधीच आले नाहीत. त्यांस करोना झाला नाही. त्या दोन वर्षांच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात त्यांचा समावेश नाही; आणि तरी त्या दोन वर्षांत त्यांच्या मनाने काय सोसले हे ज्याने पाहिले त्यास ते तक्ते अपुरे वाटल्यावाचून राहणार नाहीत. म्हणून शेऱ्याच्या त्या रकान्याविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

ज्यांच्या घरी हा प्रसंग आलेला नाही त्यांच्याकरिता थोडे विवेचन करणे भाग आहे. निरोगी मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळीत असतात. ती थांबली म्हणजे ते काम यंत्राकडे जाते. हातातील एक धमनी व एक शीर शस्त्रक्रियेने जोडून घेतात, तिला फिस्टुला म्हणतात. तेथे दोन जाड सुया टोचावयाच्या, एकीतून रक्त बाहेर काढावयाचे, यंत्रातील बारीक पोकळ धाग्यांमधून फिरवून शुद्ध करावयाचे आणि दुसरीतून परत शरीरात सोडावयाचे. यास सुमारे चार तास लागतात. दोन वारांच्या मधे प्यालेले पाणी बहुतांशी शरीरातच साठते, म्हणून पाणी मोजून प्यावे लागते. काकू सकाळीच एक बाटली भरून ठेवीत. चहा, औषधाचा घोट, आमटी, ताक, सर्व तिच्यातून वजा व्हावयाचे. दिल्लीचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांस याहून अधिक सांगावयास नको. शिवाय त्या फिस्टुल्यावर बोट ठेवले तर आत मांजराच्या घुरघुरीसारखी एक थरथर लागते. ती लागली म्हणजे रक्ताची वाट मोकळी आहे. काका पहाटे उठून प्रथम ती थरथर पाहत आणि मग देवास नमस्कार करीत.

अशा आयुष्याचा मनावर भार पडतो हे उघड आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१३ साली एक हिशेब प्रसिद्ध झाला. डायलिसिसवरील रुग्णांची प्रत्यक्ष मुलाखत घेऊन पाहिले तर शेकडा २३ च्या आसपास, आणि नुसत्या प्रश्नावलीवरून पाहिले तर शेकडा ३९, एवढ्यांच्या ठिकाणी औदासीन्याचा विकार आढळतो असे त्यात निघाले. हे महासाथीच्या पुष्कळ आधीचे आकडे होत. पण भार पडतो म्हणजे नेमका कशाचा? सुयांचा? पथ्याचा? मरणाच्या भीतीचा? आमची समजूत वही वाचण्यापूर्वी अशीच होती. आता आम्हांस वाटते की या रुग्णाचे मन ज्या एका गोष्टीवर उभे असते ती म्हणजे नेमलेल्या वाराची खात्री. काका आपल्या या जाण्यास वारी म्हणत. वारकऱ्याचे अर्धे बळ वाटेत नसून न चुकण्यात असते. ठरलेला वार, ठरलेली खाट, ठरलेले चेहरे एवढे जागच्या जागी असले म्हणजे मनुष्य सुया, तहान आणि मरणाचा विचार, सगळेच सोशितो. आणि ते डळमळले म्हणजे इतर सर्व ठीक असूनही खचतो. या यंत्राचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते, म्हणून तो थोडक्यात सांगतो.

हे यंत्र जन्मलेच मुळी वेढ्यात. १९३८ साली हॉलंडातील ग्रोनिंगेन येथे विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराच्या हाताखाली मूत्रपिंडे निकामी झालेला बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा मरण पावला, आणि त्याच्या आईस ते सांगण्याचे काम कोल्फ यांच्यावर आले. रक्तातील विष थोडेसे जरी बाहेर काढता आले असते तर, हा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेला. कोल्फ कांपेन नावाच्या लहान गावी गेले आणि तेथे युद्धाच्या टंचाईत त्यांनी लाकडी पट्ट्यांचा एक फिरता पिंप करविला व त्याभोवती सॉसेज भरावयाच्या सेलोफेनच्या नळ्या गुंडाळल्या. मार्च १९४३ मध्ये पहिल्या रुग्णावर प्रयोग झाला. पुढच्या दोन वर्षांत पंधरा-सोळा रुग्ण झाले आणि जवळजवळ सर्व दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये मात्र सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली आणि त्यानंतर काही वर्षे जगली. ती तुरुंगातून आणलेली होती. शत्रूशी सहकार्य केल्याचा तिच्यावर ठपका होता. गावाचे मत घेतले असते तर या यंत्रावर पहिला हक्क तिचा, असे कोणी म्हटले असते असे वाटत नाही. कोल्फ यांनी ते मत घेतले नाही.

सिअ‍ॅटलमध्ये मात्र मत घेण्याची वेळ आली. कोल्फ यांच्या यंत्रात दर खेपेस नवी रक्तवाहिनी कापावी लागे, म्हणून ते थोड्या दिवसांच्या विकारापुरतेच उपयोगी पडे. मार्च १९६० मध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची एक नळी हातात कायमची बसविण्याची युक्ती काढली, आणि ज्यांची मूत्रपिंडे पुन्हा सुधारणार नाहीत त्यांसही वर्षानुवर्षे जगविणे शक्य झाले. पहिला रुग्ण बोइंग कंपनीतला एक कारागीर. तो अकरा वर्षे जगला. पण यंत्रे मोजकी आणि मागणारे पुष्कळ. तेव्हा निवड करण्यासाठी सात जणांची एक समिती नेमण्यात आली. तीत एक वकील, एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी, एक कामगार पुढारी, एक शस्त्रवैद्य आणि, आमच्या वाचकांस हे वाचून थोडे चुळबुळल्यासारखे होईल, एक सरकारी अधिकारी होता. कोणास जगण्याचा वार द्यावयाचा याचा विचार करताना अर्जदाराचे वय, उत्पन्न, पदरी मुले किती, चर्चला जातो की नाही, हेही पाहिले जाई. नोव्हेंबर १९६२ मध्ये लाइफ नियतकालिकात याची हकीकत आली आणि अमेरिकेत खळबळ उडाली. त्याच दशकात हॅरी एब्रॅम यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ या रुग्णांच्या मनाचा पद्धतशीर विचार करू लागले. यंत्राने वाढविलेल्या आयुष्याचा रुग्ण कसा स्वीकार करतो, कोठे अडतो, हे त्यांनी लिहून ठेविले. १९७२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून या उपचाराचा खर्च सरकारी विम्याखाली आणला आणि त्या देशापुरती तरी समितीची गरज संपली.

आपल्याकडे समिती कधीच नव्हती. तिचे काम पैसा आणि अंतर या दोघांनी मुकाट्याने केले. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पीय भाषणात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा सरकारनेच सांगितले की दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, त्यांस ३.४ कोटी जादा डायलिसिसची गरज लागते, केंद्रे सुमारे ४,९५० असून बहुतेक खाजगी व मोठ्या शहरांतली आहेत, मागणी निम्मीच भागते, आणि एका खेपेस सुमारे २,००० रुपये पडतात. काका त्याच वर्षी आजारी पडले. सीजीएचएसचे कार्ड असल्यामुळे यादीतल्या एका खाजगी रुग्णालयात त्यांस आठवड्याचे तीन वार मिळाले. आपण भाग्यवान निम्म्यात आहोत याची त्यांस जाणीव होती. तसे ते बोलूनही दाखवीत.

आता २०२० कडे वळण्यापूर्वी आणखी एक जुना कागद उघडणे आवश्यक आहे. ११ मार्च २०२० रोजी केंद्राने राज्यांस ज्या कायद्याचा अवलंब करावयास सांगितले तो १८९७ चा साथरोग कायदा होय. तो मुंबई-पुण्याच्या प्लेगने जन्मास घातला, तेव्हा मराठी माणसाचे त्याच्याशी जुने नाते आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात घरझडतीचे काय पर्यवसान झाले हे जून १८९७ ने सर्वांस दाखविले. त्या काळी मनाला ग्रासणारी भीती ही रुग्णालयात नेले जाण्याची होती. लोक दुखणे लपवीत, माणसे माळ्यावर दडवीत. याच्या उलट चित्रही त्याच पुण्यातले: मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले, ज्या १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या.

हा कायदा मुळात चार कलमांचा, एका पानावर मावणारा. आम्ही तो कामाच्या निमित्ताने पुष्कळदा वाचला आहे. त्यास माणसे दोनच प्रकारची ठाऊक आहेत: ज्यास रोग झाला आहे तो, आणि ज्यास झाला असावा असा संशय आहे तो. ज्यास साथीचा रोग नाही परंतु दुसऱ्या रोगासाठी परवा सकाळी सात वाजता रुग्णालयात असलेच पाहिजे, असा मनुष्य त्याच्या कलमांत नाही. १८९७ मध्ये असा मनुष्य असणे शक्यच नव्हते. मूत्रपिंडे गेली की तो थोड्या दिवसांत मरत असे. २०२० मध्ये तसे लाखो लोक होते.

२४ मार्च २०२० हा मंगळवार होता. काका दुपारी डायलिसिस करून आले आणि रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा. आर. के. पुरममध्ये मराठी घरे विखुरलेली. एरवी पाडव्यास कोठे कोठे खिडकीत गुढी दिसते. त्या दिवशी काकूंनी गुढी उभारली, पण कडुनिंबाची डहाळी आणावयासही कोणी खाली उतरेना. रस्ते इतके शांत की टेकडीवरच्या देवळाकडले मोर ऐकू येत. (उत्तरेकडील मंडळी त्या देवळास मलाई मंदिर म्हणतात व दुधाच्या सायीचा प्रसाद असावा असे समजतात, मूळ तमिळ शब्द मलै, म्हणजे डोंगर. असो.) सगळ्या देशास घरात राहा म्हणून सांगण्यात आले होते आणि ते योग्यही होते. फक्त काकांच्या बाबतीत घरात राहणे म्हणजेच मृत्यू होता. सर्वांस लागू असलेली आज्ञा आपणास मोडावी लागणार, तीही आठवड्यातून तीन वेळा, आणि ज्या जागी रोग असण्याचा संभव सर्वांत अधिक तेथे जाण्यासाठी; २६ मार्चच्या शेऱ्यात त्यांनी हीच अडचण, मंत्रालयात टिपण लिहावे तशा भाषेत, लिहिली आहे.

टॅक्सी बंद, रिक्षा बंद, मेट्रो बंद. मुलगा पुण्यास, आगगाड्या २२ मार्चपासून थांबलेल्या आणि देशांतर्गत विमाने २५ मे पर्यंत उडाली नाहीत. आमच्याजवळ एक जुनी मारुती होती, तेव्हा ने-आण आमच्याकडे आली. यात आम्ही काही पराक्रम केला असे मुळीच नाही. उलट पहिल्या दिवशी आम्ही घाबरलेले होतो आणि काका समजूत घालीत होते. रुग्णालयाचे कार्ड, मागच्या डायलिसिसचा कागद, सीजीएचएसचे पत्र अशी सगळी चळत त्यांनी फाईलमध्ये अनुक्रमांक घालून लावली होती. नाक्यावरचा शिपाई एखादा कागद पाही, एखादा पाहतही नसे. १५ एप्रिलच्या सुधारित सूचनांत वैद्यकीय कारणासाठी खाजगी वाहनास मोकळीक मिळाली; चारचाकीत चालकाखेरीज एक प्रवासी, तोही मागच्या आसनावर; दुचाकीवर चालकाने एकट्यानेच जावयाचे. नियम वाचला तेव्हा तो आम्हांस सुटसुटीत वाटला. त्याचा अर्थ असा झाला की काकूंनी घरी राहावयाचे. चार वर्षे दर खेपेस त्या बाहेरच्या बाकावर चार तास बसत, विणकाम करीत, इतर बायकांशी बोलत. तो बाक त्यांच्याही वारीचा भाग होता हे तोपर्यंत कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

आत तर सर्वच पालटले. खाटा दूर सरकल्या, मधे प्लास्टिकचे पडदे आले, तंत्रज्ञ नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात, आवाजावरून ओळखावयाचे. एकाच पाळीचे लोक वर्षानुवर्षे एकत्र येतात. काकांच्या एका बाजूस एक सरदारजी दुकानदार, दुसऱ्या बाजूस बिहारचे एक निवृत्त शिक्षक. क्रिकेट, राजकारण, कोणाचा क्रिएटिनिन किती, यांवर त्यांचा फड जमे. आता बोलणे मना. एका शनिवारी शिक्षकांची खाट रिकामी होती. कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. शेऱ्यात खाटेचा केवळ क्रमांक आहे आणि पुढे आडवी रेघ.

वसाहतीतही हवा पालटली. रुग्णालयात नेमाने जाणारा मनुष्य जिन्यावरून वर-खाली करतो याची काहींस धास्ती वाटू लागली. उघड कोणी भांडले नाही. पण मोलकरणीस आधीच बंदी, आता दूधवाल्यानेही पिशवी खालीच ठेवावी अशी कुजबूज सुरू झाली. १८९७ साली रुग्णालयापासून पळणाऱ्यास लोकांनी आपल्या घरात लपविले. २०२० साली रुग्णालयाकडे जाणाऱ्यापासून लोक दार ओढून घेऊ लागले. भीती तीच, दिशा तेवढी उलट. त्याच शेजाऱ्यांपैकी एकीने मात्र दररोज काढा पाठविण्याचा क्रम ठेविला होता. सुंठ, मिरे, दालचिनी, तुळस घातलेला पेलाभर काढा. काकांच्या बाटलीतून पेलाभर पाणी वजा करावयाचे म्हणजे दुपारचा चहा गेला. शिवाय डॉक्टरांना विचारल्याखेरीज असले काही घ्यावयाचे नाही असा त्यांचा नियम. तो काढा आम्ही प्यालो. त्या बाईस आजवर हे ठाऊक नाही.

मे महिन्यात जे घडले त्याने मात्र काका खचले. १५ मे रोजी, शुक्रवारी सायंकाळी, त्यांच्या केंद्रातील काही कर्मचाऱ्यांस लागण झाल्याचे कळले आणि केंद्र निर्जंतुक करण्यासाठी बंद झाले. शनिवारचा वार गेला. दुसऱ्या रुग्णालयाने करोना नसल्याचा अहवाल मागितला. अहवालास दोन दिवस. अशा अटीपायी डायलिसिस अडवू नये असे पत्र केंद्रीय आरोग्य सचिवांनी एप्रिलअखेरीस राज्यांस पाठविले होते. आम्ही ते छापून बरोबर नेले. काउंटरवरच्या मुलीने ते नीट वाचले, वर जाऊन विचारून आली, आणि अहवाल आणावयास सांगितले. तिचा दोष नव्हता. तिलाही घरी जावयाचे होते. मंगळवारचाही वार गेला. वहीत १६ आणि १९ मे या तारखा आधीच घालून ठेवलेल्या आहेत आणि त्यांच्यापुढचे रकाने मोकळे आहेत.

त्या रात्री काकांना आडवे होता येत नव्हते. छातीत पाणी भरल्यासारखे होई, म्हणून ते खुर्चीत बसून होते. आम्हांस त्यांनी बोलावून घेतले आणि भविष्य निर्वाह निधी, उपदान व गट विमा यांची नामनिर्देशने बरोबर आहेत ना, ते पाहावयास सांगितले. सगळी बरोबर होती. ती तशी असणार हे त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक होते. मग म्हणाले, "इतक्या माणसांना कामाला लावून मी जगतोय, हे काही बरं नाही." काकू स्वयंपाकघरात होत्या. आम्हांस उत्तर सुचले नाही. सरकारी नोकरीत मनुष्य एक गोष्ट शिकतो की ज्या प्रकरणावर आपणास अधिकार नाही त्यावर मत देऊ नये. त्या रात्री या शिकवणीची लाज वाटली. आम्ही तेथेच बसून राहिलो, एवढेच.

बुधवारी, २० मे रोजी, रात्री दहा वाजता डायलिसिस झाले. त्याआधी दुपारी एक फोन आला होता. काकांच्या नेहमीच्या केंद्रातील एक तरुण तंत्रज्ञ स्वतः विलगीकरणात असताना घरून प्रत्येक रुग्णास फोन करीत होता आणि कोणास कोठे, किती वाजता वार मिळेल हे सांगत होता. फोन ठेवल्यावर काकांनी पहिली गोष्ट कोणती केली? वही मागून घेतली आणि तारीख घातली. श्वास तसाच लागलेला होता, पाणी तसेच भरलेले होते. पण चेहरा पालटला होता. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले आहे.

हे एकट्या काकांचे दुखणे नव्हते. टाळेबंदीच्या आरंभीच्या काळात देशातील १९ मोठ्या रुग्णालयांची पाहणी तज्ज्ञांनी केली. तेथील २,५१७ डायलिसिस रुग्णांपैकी ७१० जणांचा, म्हणजे शेकडा २८ जणांचा, एक वा अधिक वार चुकला. ६९ जणांवर तातडीने डायलिसिस करावे लागले. आणि १०४ जण येईनासेच झाले. त्या १०४ जणांचे काय झाले हे सगळे कळलेले नाही. दिल्लीत लोकनायक आणि मुंबईत नायर यांसारखी मोठी रुग्णालये करोनासाठी राखली गेली तेव्हा तेथील इतर रुग्णांस वाट शोधावी लागली. शेजारच्या राज्यांनी दिल्लीच्या सीमा बंद केल्या तेव्हा गुरुग्राम व नोइडा येथे राहून दिल्लीत उपचार घेणारे नाक्यांवर अडले. मुंबईत मूत्रपिंडतज्ज्ञांनी महापालिकेच्या साहाय्याने शहरभराच्या यंत्रांचा एक सामायिक फलक संगणकावर उभारला, म्हणजे करोना झालेल्या रुग्णास कोठे यंत्र मोकळे आहे ते कळावे. मानसोपचाराच्या पुस्तकांत असल्या फलकाचा उल्लेख येणार नाही. आमच्या मते तो यावयास हवा.

मनाच्या उपचाराकडे सरकारचे अगदीच दुर्लक्ष होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगळुरूच्या निमहान्सने टाळेबंदीतच दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सोय केली. सप्टेंबर २०२० मध्ये किरण आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलि-मानस या सेवा सुरू झाल्या. मे २०२० मध्येच आमच्या कार्मिक विभागाने, आधीपासून दुर्धर रोगाचे उपचार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांस शक्यतो पाळीच्या हजेरीतून सूट द्यावी असा आदेश काढला. त्याने काकांच्या रजेची चिंता मिटली, आणि रजेची चिंता काय असते हे या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. जूनमध्ये मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनीच आग्रह केल्यावरून काका मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. झोप येऊ लागली, जेवणावर वासना आली. ही गोष्ट त्यांनी वसाहतीत कोणास कळू दिली नाही. मूत्रपिंड गेल्याचे चारचौघांत सांगणाऱ्या माणसास एवढे सांगणे जड गेले. आज ते आम्हांस लिहू देत आहेत, तेही नाव न घालण्याच्या अटीवर.

या संबंधात हॉलंडमधून आलेली एक पाहणी आम्हांस विशेष बोलकी वाटते. कोल्फ यांच्याच देशात, पहिल्या लाटेच्या सुमारास, डायलिसिसवरील रुग्णांच्या मनःस्थितीची आधीच्या नोंदींशी तुलना करण्यात आली. महासाथीने ती लक्षणीय खालावली असे आढळले नाही. पाहणाऱ्यांसही हे थोडे अनपेक्षित वाटले असावे. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो: जो मनुष्य आधीच वर्षानुवर्षे पथ्यात, मोजलेल्या पाण्यात, घर ते रुग्णालय एवढ्याच जगात राहत आला त्यास टाळेबंदी नवी नाही. इतरांस ती मार्च २०२० मध्ये लागली, त्याला त्याच्या निदानाच्या दिवशीच लागलेली असते. तेथे वार चुकले नाहीत, गाडी दाराशी येत राहिली, खाट आपल्या जागी राहिली. आणि मन टिकले. आमच्याकडे रोगाने नव्हे तर वार चुकल्याने मन मोडले. हा अर्थ तज्ज्ञांचा नाही, आमचा आहे. कोणी खोडून काढल्यास आम्ही मान्य करू. परंतु मग वहीतील २० मेच्या पानाचे स्पष्टीकरण त्यांनी द्यावे.

त्या वर्षी आषाढी १ जुलैस आली. पालख्या पायी निघाल्या नाहीत. पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. काकांच्या घराण्यात वारी होती. दूरदर्शनवर ती फुलांनी सजविलेली गाडी पाहताना ते म्हणाले, "चला, वारी गाडीने चालते तर. आमचीही चालतेच आहे." चार महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला विनोद असावा.

दुसऱ्या लाटेविषयी फार लिहिणार नाही. १ मार्च २०२१ पासून ज्येष्ठांस आणि ४५ वर्षांपुढील व्याधिग्रस्तांस लस खुली झाली, त्या व्याधींच्या यादीत डायलिसिसवरील रुग्ण होते. काकांनी पहिल्याच आठवड्यात प्रमाणपत्रासह जाऊन ती घेतली. एप्रिलमध्ये दिल्लीत प्राणवायूसाठी जे झाले ते सर्वांनी पाहिले. त्या दोन महिन्यांत काकांचा एकही वार चुकला नाही. शेरे मात्र आहेत: एका पानावर सरदारजींच्या खाटेचा क्रमांक, आणि पुढे आडवी रेघ.

काका २०२३ साली निवृत्त झाले आणि साताऱ्यास गेले. जाताना ही वही आमच्याकडे ठेवून गेले. भरलेली वही नेऊन काय करावयाचे, असे म्हणाले. तिच्या शेवटच्या चाळीसएक पानांवर शेऱ्याचा रकाना पुन्हा कोरा आहे. परवा फोनवर बोलणे झाले. तिकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार मिळाले आहेत आणि काकूंना बसावयास बाक आहे. नव्या वहीतही सहा रकाने आखले आहेत का, असे आम्ही विचारले. आखले आहेत, म्हणाले. शेऱ्याचा मात्र जरा अरुंद ठेवला आहे.